अक्रोडावर पांढरा रंग

दुमियातच्या सुतारगल्लीत सनिय्याला ओळखणारी माणसं फार थोडी होती, पण तिच्या हातचं पॉलिश कैरोपासून तांत्यापर्यंत कितीतरी घरांत चमकत होतं. तिनं पॉलिश केलेल्या जेवणाच्या टेबलावर वाकून बायका कानातलं नीट करायच्या, आरसा लागायचा नाही. आणि आल्यागेल्याला सांगायच्या, हे उस्ता मुतवल्लीच्या हातचं. उस्ता म्हणजे कसबी कारागीर, आणि मुतवल्ली म्हणजे सनिय्याचा बाप. त्याचा हात तर ती लहान असतानाच कामातून गेला होता.

आयुष्यभर स्पिरिटमध्ये बुडून त्याच्या बोटांची कातडी फाटली, सांधे धरले, आणि एका हिवाळ्यात त्याला कापसाचा बोळा मुठीत धरता येईना. घरात दोन मुलं. थोरला बदीर आणि त्याच्या पाठची सनिय्या. बापानं दोघांना दुकानाच्या मागच्या खोलीत बसवलं, एकेक जुनी फळी दिली आणि लाखेची चपडी स्पिरिटमध्ये कशी विरघळवायची ते दाखवलं. बदीर पहिल्यापासून घाईचा. त्याचा बोळा मध्येच थांबायचा, आणि थांबला की खालचा थर उचकटून यायचा. सनिय्याचा हात फळीवर चालतच उतरायचा आणि चालतच उठायचा. बाप काय समजायचं ते समजला. बदीरला म्हणाला, "तू पुढं बस, गिऱ्हाईक सांभाळ. तुझी जीभ बरी आहे." सनिय्याला कुणी काही विचारलं नाही. तिची शाळा सुटली आणि मागच्या खोलीच्या दाराला एक जाड पडदा लागला.

पडदा लागायचं कारण साधं होतं. गल्लीतल्या बायका घरोघर लाकडाला पॉलिश पेपर मारायच्या, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. पण शेवटचा हात पोरीनं फिरवलाय असं कळलं असतं तर गिऱ्हाइकानं नाक मुरडलं असतं. म्हणून बदीर पुढं बसून बापाचं नाव सांगायचा, आणि हळूहळू स्वतःचंही सांगू लागला. "काय हात आहे रे तुझा, बदीर," असं कुणी म्हणालं की हा मान खाली घालून म्हणायचा, "वडिलांची कृपा." पडद्याआड सनिय्याला आधी हसू यायचं. पुढं पुढं येईनासं झालं.

ती पंचविशीला टेकली तेव्हा तुल्बा त्यांच्या दुकानात येऊ लागला. लाकडावर नक्षी कोरणारा माणूस. उंच, किडकिडीत, केसांत कायम भुसा. त्यानं कोरलेली द्राक्षं आणि पानं पॉलिशला इथं यायची. एक दिवस त्यानं आपणच कोरलेला एक दरवाजा उजेडात धरून बराच वेळ पाहिला, आणि बदीर चहा सांगायला बाहेर गेलेला पाहून सरळ पडदा बाजूला केला.

"हे बदीरचं काम नाही," तो म्हणाला. "बदीर माझ्या पानांच्या शिरा बुजवून टाकतो."

"मग कुणाचं?" सनिय्यानं विचारलं.

"ज्याच्या नखांत लाख आहे त्याचं."

तिनं हात पाठीमागे घेतले.

"लपवू नका, उस्ता," तो म्हणाला.

बाईमाणसाला उस्ता म्हणायची रीत नव्हती. सनिय्याला वाटलं, हा थट्टा करतोय. मग तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

त्यानं मागणी घातली. मुतवल्ली खूश झाला. तुल्बाच्या घरचं बेताचं होतं, तेव्हा तुल्बा म्हणाला, लग्नाचं सामान मी स्वतः करतो. दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यानं काम मांडलं. पलंग, कपाट आणि आरशाचं टेबल, सगळं अक्रोडाचं. पलंगाच्या उशाकडच्या फळीवर त्यानं गुलाबाची एक अख्खी फांदी कोरली, वरून चिकटवलेली नव्हे, फळीतूनच उठवलेली. त्याचं कोरणं होईल तसतसं सनिय्या पॉलिश करत गेली. सहा महिने तो या बाजूला आणि ती त्या बाजूला, मध्ये म्हातारा मुतवल्ली खुर्चीत डुलक्या काढत बसलेला. सनिय्याच्या आयुष्यातले बरे दिवस म्हणायचे तर तेवढेच.

सामान पुरं झालं आणि मुतवल्ली गेला.

बदीरचं तोवर लग्न झालं होतं. बायको रावया, आणि पाळण्यात एक मुलगी, इनास. बापाच्या मागे दुकान आपसूक त्याच्याकडे आलं, आणि पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. सनिय्या सासरी गेली की दुकानाचा हातही तिच्यासोबत गेला. मग लग्न पुढं ढकललं जाऊ लागलं. आधी बापाचं दुःख. मग रास अल-बरच्या एका हॉटेलाचं मोठं काम. मग रावयाचं बाळंतपण, जे पुढं वायाच गेलं. तुल्बा दर वेळी मान डोलवायचा. आणि एक दिवस तो यायचाच बंद झाला. त्याच्या आईचा निरोप आला की योग नाही, सामान तुमच्याकडेच असू द्या. वर्ष उलटायच्या आत त्यानं दुसरीकडे लग्न केलं.

का, ते सनिय्याला कुणी सांगितलं नाही. रावया चुलीपाशी बसून बदकात कांदा भरता भरता म्हणाली, "पुरुषाची जात, बाई. सहा महिने जवळून पाहिलं ना त्यानं तुला. जवळून पाहिल्यावर विचार बदलतो माणसाचा."

सनिय्यानं पलंगावर चादर घातली, कपाटावर घातली, आरशावर घातली, आणि त्याच खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपू लागली. पलंगावर ती कधी झोपली नाही. झोपायची ती इनास. चालता येऊ लागल्यापासून पोर जिना चढून यायची, चादरीखाली शिरायची आणि आतून हाक मारायची, "आत्या, शोध मला." रावयाला पोरीचा सोस नव्हता. तिला मुलगा हवा होता आणि तो होत नव्हता. इनासचं न्हाणं, वेणी, ताप, सगळं सनिय्यानं काढलं. स्पिरिटचा वास आल्याशिवाय त्या पोरीला झोप लागत नसे. पुढं शाळेत जायला लागल्यावर मात्र एकदा दारातच म्हणाली, "तू सोडायला येऊ नकोस, आत्या. मुली म्हणतात, तुझ्या आत्याला रॉकेलचा वास येतो." सनिय्या त्यानंतर गल्लीच्या तोंडापर्यंतच जायची.

असं करता करता वीस वर्षं गेली. इनासचं लग्न ठरलं. मुलगा वाएल, फारस्कूरच्या कापडवाल्याचा. तोवर लोकांची आवडही बदलली होती. लाकूड लाकडासारखं दिसलेलं कुणाला नको होतं. सगळ्यांना पांढराशुभ्र ड्युको रंग आणि त्यावर सोनेरी रेघ हवी होती. एका दुपारी जेवताना रावया म्हणाली, "नवं लाकूड कशाला घ्यायचं? वर पडून आहे की."

"वर काय पडून आहे?" सनिय्यानं विचारलं.

"तुझं ते. पडूनच आहे ना? की कुणी यायचं राहिलंय?"

बदीर भाकरी मोडत होता. त्यानं वर पाहिलं नाही. "जुनं पॉलिश काढ. पांढरा मार. लाकूड सुकलेलं आहे, वाकायचं नाही."

"अक्रोडावर पांढरा?"

"पांढरा. आणि ती फुलं नकोत. वाएलची आई म्हणते, नक्षीत धूळ बसते. पलंग सपाट करायचा."

इनास मोबाइलवर काहीतरी टाइप करत होती. ती म्हणाली, "आत्या, तुला नको असेल तर सांग हां."

"तिला काय विचारतेस?" रावया म्हणाली. "ती काय, त्यात निजणार आहे आता?"

सनिय्या म्हणाली, "घे. तुझंच आहे."

लाखेचं पॉलिश ज्या स्पिरिटनं चढतं त्याच स्पिरिटनं उतरतं. सनिय्यानं चादरी काढल्या, चिंध्या भिजवल्या आणि उशाकडच्या फळीपासून सुरुवात केली. वीस वर्षांत पॉलिश जराही उतरलं नव्हतं. पहिल्या चिंधीवर ते चहासारखं आलं, मग काकवीसारखं, चिकट. बापासमोर बसून चढवलेले थर एकामागून एक तिच्याच हातांनी चिंधीवर उतरत गेले आणि खालचं लाकूड उघडं पडलं, कोरडं, फिकं, आजाऱ्याच्या अंगासारखं. पानांच्या शिरांत अडकलेली लाख तिला काडीनं कोरून काढावी लागली. रावया एकदा वर येऊन पाहून गेली. "एवढं निगुतीनं काय करतेस? छाटायचंच आहे ते."

छाटायला बदीरनं तुल्बाला बोलावलं. आता नक्षी मशीन कोरायचं आणि हातानं कोरणारे मिळेल ते काम करायचे. रावयाला हसू आवरेना. "त्यानं लावली फुलं, काढेलही तोच. ठरवून ठेवल्यासारखं झालं बघ." बदीरच्या मनात काही होतं की नव्हतं कोण जाणे. त्याच्या लेखी तुल्बा म्हणजे गल्लीतला एक रिकामा माणूस.

तुल्बा आला. केस पांढरे, पाठीला बाक, पटाश्या एका मळक्या कापडात गुंडाळलेल्या. बदीर त्याला वर सोडून खाली गिऱ्हाइकाकडे गेला. तुल्बा पलंगासमोर उभा राहिला. त्यानं गुलाबाच्या फांदीवरून बोट फिरवलं आणि मग सनिय्याकडे पाहिलं.

"कशी आहेस?"

"काम करते."

"तब्येत?"

"तब्येतीला काय धाड भरलीय?"

तो अडखळला. आवाज खाली आणून म्हणाला, "ते झटके. अजून येतात?"

"कसले झटके?"

तुल्बा पटाश्यांचं कापड सोडायला वाकला. सनिय्या हातातली चिंधी ठेवून त्याच्या समोर आली. "कसले झटके, तुल्बा?"

"बदीर स्वतः आला होता," तो म्हणाला. "तुझे वडील गेल्यानंतर. माझ्या आईच्या पायाशी बसून रडला. म्हणाला, माझ्या बहिणीला फेफरं येतं, आम्ही लपवलं, पण तुमचं घर बुडवायचं पाप मला नको. आणि म्हणाला, तिला कळू देऊ नका, ती जीव देईल. म्हणून मी कधी बोललो नाही. बायकोलाही मी सांगितलं नाही, आईनं सांगितलं."

"मला पडताना पाहिलंस तू कधी?"

"नाही."

"सहा महिने इथं बसत होतास. एकदा तरी?"

"नाही."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"सख्खा भाऊ खोटं कशाला बोलेल असं वाटलं," तो म्हणाला.

खाली बदीर कुणाला तरी हसून सांगत होता की पांढऱ्या रंगाची जबाबदारी माझी, दहा वर्षं पिवळा पडणार नाही. दोघांनाही ते स्पष्ट ऐकू आलं.

"पटाशी लाव," सनिय्या म्हणाली.

"सनिय्या, मला खरंच..."

"वरच्या कळीपासून धर. आणि खालपर्यंत सपाट कर, अर्धवट ठेवू नकोस. मला पुट्टी भरायला त्रास होतो."

ती स्टूल ओढून त्याच्या समोर बसली. त्यानं छाटायला सुरुवात केली. अक्रोड सुकून दगड झालेला, पटाशी घसरायची. कळी गेली, मग पानं, मग मोठा गुलाब, एकेक पाकळी. तुल्बाच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सनिय्याच्या मांडीवर चिंध्यांचा ढीग होता. त्यातली एकही तिनं त्याला दिली नाही.

"डोळे पूस," ती म्हणाली. "फळी ओली होते."

पलंग झाल्यावर तो पटाश्या गुंडाळू लागला, तेव्हा तिनं कपाटाच्या माथ्याकडे बोट दाखवलं. तिथं द्राक्षाचा एक घड होता. बदीरनं तो काढायला सांगितलेला नव्हता. "तोही काढ." मग आरशाभोवतीची वेल. "तीही." संध्याकाळपर्यंत तिनं त्याला उसंत दिली नाही. जाताना तो दारात थांबला आणि त्या जुन्या आवाजात म्हणाला, "उस्ता."

"बदीर खाली आहे," ती म्हणाली. "मजुरी त्याच्याकडून घे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बदीरसमोर जेवायला बसली. विचारायचं ठरवूनच बसली होती. बदीर भाताचे मोठे घास घेत होता, मिशीला तूप लागलं होतं. त्याच्याकडे बघता बघता तिला उमगलं की विचारलं तर तो नाकारणारही नाही. म्हणेल, हो, म्हणालो होतो, मग? आणि पुढचा घास घेईल. तिनं विचारलं नाही.

तिनं रंग दिला. छाटलेल्या जागा पुट्टीनं भरल्या, घासल्या, पुन्हा भरल्या, अस्तर दिलं, स्प्रे गन घेऊन पांढरा मारला, पुन्हा घासला, पुन्हा मारला. कडेनं सोनेरी रेघ हातानं ओढली. ते पांढरं काम पाहायला आजूबाजूचे दुकानदार वर येऊन गेले. हात फिरवला तर कुठं लाकूड आहे असा संशय येऊ नये, इतकं गुळगुळीत. बदीर म्हणाला, "बघ. उगाच तोंड पाडून बसली होतीस."

वाएलची आई हाज्जा वजीदा सामान बघायला आली त्या दिवशी रावयानं बदक शिजवलं, जिलबीसारख्या मशब्बकचं ताट मागवलं. जेवण झाल्यावर पुरुष दुकानात जाऊन बसले, रावया आणि इनास कॉफी करायला गेल्या आणि सनिय्या हाज्जाला वर घेऊन आली. हाज्जाचे गुडघे धरलेले. ती पलंगाच्या काठावर बसली आणि पांढऱ्या फळीवर तळहात फिरवत राहिली.

"नवं आहे असंच वाटतं," ती म्हणाली. "तुमचा हात म्हणे?"

"हो."

"इनासलाही तुम्हीच वाढवलंत, ती सांगत होती. आईपेक्षा तुमचं नाव जास्त घेते." बाई स्वभावानं वाईट नव्हती, भोचक होती. "आणि तुम्ही कसं नाही केलंत लग्न?"

सनिय्यानं तिच्याकडे पाहिलं. तोवर तिनं काहीच ठरवलेलं नव्हतं. हे पुढं तिनं स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि ते खरंही होतं. पण शब्द आले ते एकही न अडखळता आले, जणू कुणी तोंडात ठेवून दिले होते.

"मला फेफरं येतं, हाज्जा. घरच्यांनी लपवलं होतं. ज्यांच्याशी ठरलं होतं त्यांना माझ्या भावानं स्वतः जाऊन सांगितलं. कुणाचं घर बुडवायचं पाप नको म्हणून."

हाज्जाचा हात फळीवर थांबला. "हे घरातच आहे का?"

सनिय्यानं खाली पाहिलं.

"इनासला?" हाज्जानं विचारलं.

"मी तिची आत्या आहे," सनिय्या म्हणाली. "मला विचारू नका. आणि तिला कळू देऊ नका, ती जीव देईल."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. इनास कॉफी घेऊन आली. होणाऱ्या सासूसमोर पहिल्यांदा एकटी येत होती, लाजून लाल झालेली, आणि ताटलीतले कप एकमेकांवर खडखडत होते. हाज्जा तिच्या मनगटांकडे बघत राहिली. तिनं कप घेतला, पण तोंडाला लावला नाही.

कप कशानं वाजत होते हे सनिय्याला ठाऊक होतं. तिथंच ती हसून म्हणाली असती, अहो, पोर घाबरलीय तुम्हाला, तर कदाचित सगळं सावरलं असतं. ती पलंगाच्या पायावरची धूळ पुसत राहिली.

आठवड्यात अंगठी परत आली. निरोपात कारण भलतंच होतं, पण गल्लीत खरं कारण अंगठीच्या आधी पोचलं. हाज्जानं चौकशी केली होती. तुल्बाच्या बायकोनं सांगितलं, "फेफऱ्याचं ना? ते तर आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर मी या घरात आले."

बदीर फारस्कूरला धावला. हाज्जाच्या दिवाणखान्यात उभा राहून शपथा घेऊ लागला की हे सगळं खोटं आहे, माझ्या मुलीला काही नाही, बहिणीलाही काही नाही.

"मग तुल्बाच्या आईच्या पायाशी बसून रडलात, ते?" हाज्जानं विचारलं.

दोन्हीपैकी एक खोटं मान्य करावंच लागत होतं. "ते खोटं होतं," तो म्हणाला. "तेव्हा तशी वेळ होती."

"कसली वेळ?"

"दुकानाची. ती गेली असती तर दुकान बसलं असतं."

हाज्जानं शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि मग बदीरकडे. "फेफऱ्यावर औषध मिळतं, बदीर," ती म्हणाली. "त्याचा मी विचार तरी केला असता."

तो परत आला तो तडक जिना चढून वर. मागून रावया. सनिय्या खिडकीपाशी चपडी निवडत बसली होती. रावयानं पायातली चप्पल काढून तिच्या तोंडावर, डोक्यावर, हाताला लागेल तिथं मारली. सनिय्यानं चपडीचं ताट तेवढं बाजूला सरकवलं. बदीर मारायला आला नाही. रावया दमल्यावर तो म्हणाला, "माझ्या मुलीनं तुझं काय बिघडवलं होतं?"

"काही नाही."

"मग?"

"तुझ्या आईच्या मुलीनं तरी तुझं काय बिघडवलं होतं?"

रावयानं नवऱ्याकडे पाहिलं. तिला काही ठाऊक नव्हतं असं नाही. तिनं डोळे वळवले.

इनास दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आईबाप खाली गेल्यावर ती आत आली. सनिय्याच्या ओठातून रक्त येत होतं.

"मला खरंच काही आहे का, आत्या?"

"नाही. तुला काही नाही. मलाही काही नव्हतं."

"मग माझं का केलंस?"

सनिय्याकडे उत्तर तयार होतं. इतके दिवस तिनं ते मनात घोळवलं होतं. तिनं ते सांगितलं. "तुझ्या बापाला दुसरं काही जिव्हारी लागलं नसतं."

इनास रडली नाही. ती म्हणाली, "मी तुला विचारलं होतं. नको असेल तर सांग, म्हणून. या घरात फक्त मीच विचारलं होतं."

"माहीत आहे," सनिय्या म्हणाली. "तू विचारलंस हे माहीत होतं मला."

त्यानंतर इनास आत्याशी बोलली नाही.

सनिय्याला घराबाहेर काढतील असं गल्लीला वाटत होतं. बदीरनं काढलं नाही. हॉटेलांची कामं होती, लग्नांचा हंगाम होता, आणि हात तिचाच होता. फक्त तिचं ताट घरच्यांसोबत मांडलं जाईनासं झालं. जेवण तिला मागच्या खोलीत पोचवलं जाई, कधी गरम, बहुतेकदा गार. बहीणभावाचं बोलणं कामापुरतं उरलं. "शिसवी छटा." "उद्यापर्यंत." "बरं." पांढरा पलंग बरेच दिवस दुकानात पुढं उभा राहिला. दुमियातमध्ये तो कुणी घेईना, सगळ्यांना त्याची कथा माहीत होती. शेवटी तो रास अल-बरला भाड्यानं देण्याच्या एका फ्लॅटमध्ये गेला.

फेफऱ्याचा बोभाटा मात्र कुणी घेऊन गेलं नाही. तो इनासपाशीच राहिला. बदीरनं जिथं जिथं जाऊन तो खोटा असल्याचं सांगितलं, तिथं तिथं तो नव्यानं पोचला. तीन-चार वर्षांनी कफ्र अल-बत्तीखच्या एका बिजवरानं तिला मागितलं. कलिंगडाची शेती, पहिल्या बायकोच्या दोन मुली. वरात निघाली नाही. इनास एका गाडीत बसून गेली, मांडीवर कपड्यांची पेटी घेऊन. मागच्या खोलीचं एक दार गल्लीकडे उघडायचं. सनिय्या दारात उभी होती. गाडी समोरून गेली, आणि इनास ड्रायव्हरच्या पाठीकडे पाहत होती.

नंतरच्या ईदला इनास माहेरी आली. धाकटी सावत्र मुलगी तिचं बोट सोडत नव्हती. वर मिठाई वाटून झाल्यावर ती मुलीला दुकान दाखवायला खाली घेऊन आली. पोरीनं पडदा उचलला आणि आत डोकावली. आत पन्नाशीची एक बाई खाली बसून खुर्चीच्या पाठीवर बोळा फिरवत होती. खोलीत वासानं डोळे चुरचुरत होते.

"ही कोण?" मुलीनं विचारलं.

इनास तिच्या मागे येऊन उभी राहिली. तिनं आत पाहिलं. सनिय्यानंही वर पाहिलं, हात चालू ठेवून.

"इथं कामाला असते," इनास म्हणाली.

मुलगी आणखी एक पाऊल आत आली. सनिय्या तिला म्हणाली, "मागं सर, बाळ. या वासानं डोकं धरेल तुझं." मग तिनं बोळ्यावर दोन थेंब स्पिरिट घेतलं आणि खुर्चीची दुसरी बाजू पुढं ओढली.